पोट्ट्याच्या हाती मोबाइल देण्याआधी: काय दाखवायचं आणि कशावर

दिवाळी झाली की कापूस वेचणीला घरातलं माणूस न् माणूस वावरात जातं. दोन-तीन वर्षांचं लेकरू आजीजवळ राहतं, आणि त्याला एका जागी बसवायला आजीकडे हुकमी साधन एकच, मोबाइल. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत हेच होतं, गडचिरोलीत मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत. म्हणून शहरातल्या पालकांसाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे, विदर्भातल्या खेड्यांत, अर्धेच कामाचे. 'मुलाला बागेत न्या, छंदवर्गाला घाला' हे वाचून हसू येतं. आपल्या लेकरांना अंगण आहे, बकऱ्या आहेत, चिखल आहे. हंगामात रिकामा असा मोठा माणूस मात्र नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यंत्र कोणतंही घ्या, पण सहा वर्षांखालच्या पोराच्या हाती ते येईल तेव्हा त्याला नेट नको. नेट असलं की एक गाणं संपल्यावर पुढं काय लागेल हे कंपनी ठरवते, आणि ते कधी संपतच नाही. नेट नसलं की तुम्ही भरून ठेवलं तेवढंच दिसतं आणि एका ठिकाणी येऊन थांबतं. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीसाठी आहे.

पहिली पायरी: लेकराचं वय

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको. एक ते दोन वर्षांतही नको. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, जवळपास हेच सांगते: दोन वर्षांपर्यंत नाही, दोन ते पाचमध्ये मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एक तासापर्यंत, पाच ते दहामध्ये दोन तासांच्या आत. सवलत एकच आहे, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल. पुण्याला कामाला गेलेल्या बापाशी किंवा माहेरच्या आजीशी बाळ फोनवर बोलत असेल तर ते यात धरू नका. समोरचं माणूस बाळाच्या हसण्याला उत्तर देतं, व्हिडिओतलं चित्र देत नाही.

दोन वर्षांखाली इतकी कडक मनाई का, हे आजी-आजोबांना समजावून सांगावं लागतं, नाहीतर 'गाणीच तर लावली' म्हणून विषय संपतो. त्या वयाचं मूल पडद्यावरून फार कमी शिकतं. तीच गोष्ट समोर बसलेल्या माणसानं करून दाखवली की पटकन उचलतं. 'बडबडगीतं लावली की बाळ लवकर बोलतं' हा समज म्हणूनच खरा नाही. बाळ बोलायला शिकतं ते त्याच्याशी बोललं की. भांडी घासता घासता 'हे बघ, गिलास पडला' म्हणणाऱ्या आजीची बरोबरी कुठलंही ॲप करत नाही.

एक गोष्ट सहसा मोजलीच जात नाही: दिवसभर चालू असलेला टीव्ही. कुणी बघत नसलं तरी तो चालू असतो, आणि तेवढा वेळ घरातली मोठी माणसं लेकराशी कमी बोलतात. बघायचं तेव्हा लावा, झालं की बंद करा.

दुसरी पायरी: फोन नेमका कधी दिला जातो ते पाहा

आठवडाभर एका कागदावर लिहा, किंवा लिहिणं जमत नसेल तर दाराआड खडूनं रेघा मारा. बहुतेक घरांत चारच वेळा निघतात: जेवताना, आई चुलीपाशी किंवा गॅसपाशी असताना, एसटीच्या प्रवासात आणि झोपवताना.

यातल्या दोन आधी बंद करायच्या, जेवणाची आणि झोपेची. पडद्याकडे बघत खाणाऱ्या लेकराला पोट भरल्याचं कळत नाही, घासही नीट चावला जात नाही. झोपेचं तर त्याहून सरळ आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, आणि अंथरुणात फोन आला की ती पहिली कापली जाते. झोपायच्या तासभर आधी पडदा बंद हा नियम साधा आहे, पाळायला मात्र मोठ्यांनाच जड जातो.

संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ मी ठेवायला सांगेन. सांजच्याला चूल पेटलेली असते, उकळतं पाणी असतं, आईला मुलामागे धावता येत नाही. त्या अर्ध्या तासात ते एका जागी बसलेलं बरं. ही वेळ घड्याळाला बांधू नका, लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. कामाला बांधा. 'कणीक मळायला घेतली की टीव्ही, पोळ्या झाल्या की बंद' हे तीन वर्षांच्या लेकरालाही समजतं.

तिसरी पायरी: काय दाखवायचं

लोक आधी टॅब घेतात आणि मग त्यात काय लावायचं ते शोधतात. क्रम उलटा हवा. काय दाखवायचं हे ठरलं की निम्म्या घरांना नवीन काही घ्यावंच लागत नाही.

निवडायची माझी पद्धत अशी. कार्यक्रमाचा आवाज बंद करा आणि एक मिनिट नुसतं बघा. दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलत असेल, कुणीतरी सारखं पळत, आदळत, फुटत असेल, तर ते लहानग्यासाठी नाही. अमेरिकेत २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना फक्त नऊ मिनिटं अतिवेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ शैक्षणिक कार्यक्रम, काही चित्र काढत बसली. लगेच नंतर लक्ष देण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा वेगवान कार्टून बघितलेली मुलं मागे पडली. हा परिणाम लगेचचा होता, कायमचा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मोबाइल काढून घेतल्यावर पोट्टं अर्धा तास का बिथरलेलं असतं, याचा थोडा उलगडा होतो.

मग आवाज चालू करून पुन्हा बघा. पात्रं एकमेकांशी नीट बोलतात का, मध्ये थांबून मुलाला काही विचारतात का, गोष्टीला सुरुवात-शेवट आहे का? कुणी पडलं की बाकीचे हसतात का? तीन वर्षांचं मूल पडद्यावरचं मारणं आणि खरं मारणं वेगळं करू शकत नाही. ते सरळ धाकट्या भावावर करून बघतं.

खेळण्यांची खोकी उघडून दाखवणारे व्हिडिओ मी सरळ बाद करतो. त्यात गोष्ट नसते, माणूस नसतो, नुसती जाहिरात असते, आणि मग बाजाराच्या दिवशी दुकानासमोर लोळण.

ओळखीचं कार्टून दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. २०१७ मध्ये यूट्यूबवर असे ढीगभर व्हिडिओ उघडकीस आले होते की मुलांच्या आवडीची पात्रं घेऊन त्यांत भीतिदायक आणि घाणेरडे प्रसंग घुसवले होते. कंपनीनं पुष्कळ वाहिन्या काढून टाकल्या, पण नकला करणारे संपत नाहीत. म्हणून व्हिडिओ नव्हे, वाहिनी निवडा, आणि वाहिनीचेही चार-पाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, कारण गडबड बहुतेक मधेच असते. २०२० पासून यूट्यूबवर मुलांसाठीच्या व्हिडिओवर तशी खूण करणं बनवणाऱ्याला बंधनकारक आहे. अशा व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहायची सोय बंद असते. ती बंद दिसली तर व्हिडिओवर मुलांसाठीची खूण असू शकते एवढंच कळतं, चांगलं आहे हे कळत नाही.

पैसे भरून बघायच्या ॲपवर, म्हणजे ओटीटीवर, सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार वयाची खूण असते: यू, मग यू/ए ७+, १३+, १६+ आणि शेवटी ए. सात वर्षांखालच्यांना फक्त यू. मोठ्या भावासाठी लावलेला १३+ सिनेमा त्याच खोलीत मांडी घालून बघणाऱ्या धाकट्याला चालत नाही, हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

भाषेचं काय? मुलांची बहुतेक कार्टून हिंदीत असतात, आणि आपल्या भागात हिंदी परकी नाही. पोरगं 'मम्मी, मुझे दो' म्हणायला लागलं म्हणून घाबरू नका. मात्र घरात तुमची जी बोली आहे, वऱ्हाडी, झाडी, गोंडी, कोरकू, कोलामी, तीच बोलत राहा. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आईनं लेकराशी मोडकंतोडकं हिंदी बोलण्यापेक्षा कोरकूत भरभरून बोलणं कितीतरी चांगलं.

आता मिळतं कुठं ते सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी दीक्षा ॲप आहे. ते २०१७ पासून चालू आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यानं स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि ॲपमध्येच उतरवून ठेवता येतं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. बालभारतीचंच १९७१ पासून निघणारं 'किशोर' मासिक, त्याचे जुने अंकही तिथंच मोफत वाचायला मिळतात. अंक मोठ्या मुलांसाठी असले तरी चित्रं दाखवत गोष्ट सांगायला चालतात. त्याहून लहानांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत पातळ्या लावलेल्या आहेत, आणि पुस्तक उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत. टॅबवर पानं उलटत तुम्ही वाचायचं, ते चित्रावर बोट ठेवणार. हाही पडदाच, पण कार्टूनपेक्षा फार वेगळा.

कानाला विसरू नका. गोष्ट ऐकताना मूल खेळत असतं, फिरत असतं, मान खाली घालून बसत नाही. आकाशवाणीची नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर ही केंद्रं आपल्याच भागातली. साधा रेडिओ कमी पैशांत येतो आणि लाइन गेली तरी सेलवर चालतो.

पण सगळ्यात चांगला साठा तुम्हीच करू शकता. आजीला सांगा, झोपताना सांगते ती गोष्ट एकदा फोनसमोर सांग. तान्ह्या पोळ्याला लेकरू लाकडी बैल ओढत निघतं, त्याचा व्हिडिओ तर तुमच्याकडे असतोच. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी, गावातल्या दंडारीतला तुकडा, गोठ्यात नुकतं जन्मलेलं वासरू. पाच-पाच मिनिटांच्या अशा दहा चित्रफिती झाल्या की आठवडा निघतो. 'रोज तेच तेच' अशी काळजी करू नका. लहान मुलाला तेच तेच हवं असतं, दर खेपेला त्याला नवीन काहीतरी कळतं. कंटाळा येतो तो आपल्याला.

चौथी पायरी: कशावर दाखवायचं

सगळ्यात आधी घरात आहे तो टीव्ही. पडदा मोठा, डोळ्यांपासून लांब, खोलीत सगळ्यांना दिसतो, आणि लेकराला खिशात घालून मांडवामागं नेता येत नाही. साध्या एलईडी टीव्हीलाही मागे किंवा बाजूला पेन ड्राइव्ह लावायची जागा बहुधा असते. तुमचे व्हिडिओ एमपी४ प्रकारात त्यावर टाका. टीव्ही पेन ड्राइव्ह ओळखत नसेल तर संगणकावर तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून हे भरण्याआधी करा. या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. मोबाइलवरून टाकायला दोन्हीकडे टोक असलेला ओटीजी पेन ड्राइव्ह मिळतो, तो सोयीचा. पन्नासेक व्हिडिओंचा एक 'बाबूचा पेन ड्राइव्ह' केला की नेट, रिचार्ज, जाहिराती, सगळ्याची कटकट गेली.

रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळतं, ते लेकरासाठी नको. बालगीतांच्या फोल्डरशेजारी काय भरलंय हे दुकानदारालाही ठाऊक नसतं, आणि व्हायरस वेगळेच.

डिशचा महिन्याचा खर्च परवडत नसेल तर प्रसार भारतीचं डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याला काही नाही, आणि सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. टीव्ही टेबलावर, पेटीवर ठेवला असेल तर भिंतीला पक्का बसवा. चढायच्या नादात टीव्ही अंगावर घेतलेलं मूल गंभीर जखमी होऊ शकतं. ३२ इंची टीव्हीपासून पाच-सहा फूट लांब चटई टाकली की झालं.

दुसरा पर्याय, घरात पडलेला जुना स्मार्टफोन. सिम काढा. फोटो वगैरे दुसरीकडे घ्या, जुनं गुगल खातं आधी काढून टाका आणि मग फोन रीसेट करा. क्रम चुकला तर सुरू होताना तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि बरेचदा तो कुणालाच आठवत नाही. आता तुमचं खातं घालून दीक्षा वगैरे उतरवा, साहित्य भरा आणि विमान मोड लावून टाका. फोनची पाठ फुगलेली असेल, पडदा एका कडेनं उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. तो फोन लेकराच्या हाती द्यायचा नाही, चार्जही करायचा नाही.

टॅब घ्यायचाच असेल तर आठ ते दहा इंची, निदान चार जीबी रॅमचा. त्याहून कमी रॅमवर अडकत अडकत चालतो, आणि मुलापेक्षा आधी आपलाच संयम सुटतो. मेमरी कार्डाची खाच हवी. सिमची खाच असलेला महाग मॉडेल घेऊ नका. आपल्याला नेट नकोच आहे, लागेल तेव्हा तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडता येतो. पैसे वाचले तर जाड रबरी कव्हर घ्या. फरशीवर एकदा तरी तो पडणारच. 'खास मुलांसाठी' असं लिहून विकणाऱ्या अनोळखी टॅबपेक्षा ज्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते असा साधा टॅब बरा.

टॅब, फोन, चार्जर, पॉवर बँक यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तो क्रमांक घालून दुकानातच तपासता येतो. बाजारात शंभर-दीडशेला मिळणाऱ्या बेनाव चार्जरवर तो नसतो, आणि सगळ्यात जास्त धोका चार्जरचाच.

जुना फोन किंवा सिमचा टॅब कुणाकडून विकत घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर कळतं. आधी तपासा, मग पैसे मोजा.

बटणं दाबली की इंग्रजी अक्षरं आणि कर्कश गाणी वाजवणारे खेळण्यातले लॅपटॉप यात्रेत खूप खपतात. माझ्या मते ते पैसे वाया. घेतलेच तर आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का तेही बघा. अशा खेळण्यांत आणि लहान रिमोटमध्ये गोल चपटे बटण सेल असतात. असा सेल लेकरानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा भाजू शकते. 'शौचातून पडेल' म्हणून थांबू नका, ओकारी काढू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा.

पाचवी पायरी: तुमचाच फोन द्यावा लागतो तेव्हा

खेड्यात बहुतेक वेळा हेच होतं. त्याच फोनमध्ये फोनपे आहे, ई-पीक पाहणी आहे, बँकेचे मेसेज आहेत. म्हणून द्यायच्या आधी एवढं एकदा बसून करून घ्या:

१. पैशांच्या प्रत्येक ॲपला कुलूप लावा आणि आकडा पोरांसमोर टाकू नका. चार वर्षांचं पोर नमुना बघून लक्षात ठेवतं.

२. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय चालू करा. खेळातले हिरे-नाणी विकत घेण्याचं बटण मुलांना बरोबर सापडतं.

३. ॲप पिन करायची सोय चालू करा. सेटिंग उघडून वरच्या शोधायच्या जागी 'पिन' लिहा, फोन इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. चालू करताना 'बाहेर पडताना आकडा विचारा' हेही निवडा. मग हवं ते ॲप उघडून अलीकडच्या ॲपच्या यादीतून त्याला पिन केलं की लेकरू त्यातून बाहेर पडू शकत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही सोय वेगळ्या नावानं असते, दुकानात विचारून घ्या.

४. साध्या यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स टाका. मुलाचं प्रोफाइल करताना वयाचे गट दिसतील: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. ते सोडून 'स्वतः मंजूर केलेलंच' हा पर्याय घ्या. मग तुम्ही टिकमार्क केलेल्या वाहिन्या आणि व्हिडिओ तेवढेच दिसतात, शोधायची सोयही बंद होते. तिथंच आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद करा आणि कुलपाच्या चिन्हात टायमर आहे तो लावा.

५. फोन कायमचा मुलाकडेच राहणार असेल, म्हणजे मोठ्या बहिणीच्या शाळेसाठी घेतलेला वगैरे, तर गुगलचं फॅमिली लिंक जोडा. रोजची मर्यादा, झोपेची वेळ आणि नवीन ॲपला परवानगी हे सगळं तुमच्या फोनवरून होतं.

यातलं नेट लागणारं काम चौथ्या क्रमांकाचं. ज्यांच्या घरी टीव्ही नाही त्यांनाच ते सांगतो. आणि इतकं करूनही पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. आर्थिक फसवणुकीसाठी तो सरकारी क्रमांक आहे.

सहावी पायरी: उन्हाळा, लाइन आणि वीज पडणे

बहुतेक कंपन्या फोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छताखाली तर विचारू नका. दुपारी फोन हाताला चटका देतो, तेव्हा तो लेकराला द्यायचा नाही आणि चार्जिंगलाही लावायचा नाही. चार्जिंग पहाटे करा. गार करायला फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. सावलीत, कव्हर काढून, बंद करून ठेवला की पुरे. गोधडीत किंवा उशीखाली ठेवून चार्ज करणं आणि चार्जिंग चालू असताना मुलाला खेळायला देणं, दोन्ही बंद.

लाइन आली की दाब एकदम वाढतो, टीव्हीचे बोर्ड त्यानंच जळतात. लाइन गेली की प्लग काढायचा, आल्यावर पाच-दहा मिनिटांनी लावायचा. मृगाच्या तोंडावर ढग गडगडू लागले की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही काढा. नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही.

सातवी पायरी: बंद करताना

खरी परीक्षा इथं आहे. मधेच हिसकावून घेतलं तर रडणारच, तुम्हीही चिडाल. गोष्ट संपते तिथं बंद करायचं. त्यासाठीच पेन ड्राइव्हवर सात-आठ मिनिटांचे भाग ठेवायचे: 'आज दोन गोष्टी' म्हटलं की दोन. दुसरी लागली की सांगा, 'ही शेवटची'. संपल्यावर बंदचं बटण त्यालाच दाबू द्या. आणि लगेच हातात काम द्या: कोंबड्यांना दाणे टाकणं, लसूण सोलणं, शेंगा तोडणं. नुसतं 'जा खेळ' म्हणून चालत नाही.

पहिला आठवडा रडारडीचा जातो. या आठवड्यात आजोबांनी लपून फोन दिला की सगळं पाण्यात, म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांशी बोला. आजीवर ढकलू नका. दिवसभर पोट्टं तीच सांभाळते, तिला सोपी वाट हवी असते हे साहजिक आहे. तिच्या हाताशी रेडिओ, मातीचा गोळा, जुन्या डब्यांची टोपली ठेवा.

मोठ्यांचं काय? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. सगळ्या गावाला जमेल असं नाही. पण एका गल्लीला, चार घरांना नक्की जमतं, आणि शेजारचं पोर अंगणात आलं की आपलंही मागे जातंच. उन्हाळ्यात सकाळी आणि दिवस कलल्यावर मिळून दोन तास मूल बाहेर असलं तर त्याच्या डोळ्यांनाही फायदा होतो. उघड्यावरच्या उजेडात रोज राहणाऱ्या मुलांत लांबचं कमी दिसायचा दोष कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. निळ्या काचेचे चष्मे मात्र घेऊ नका. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटना संगणक-मोबाइलसाठी त्यांची शिफारस करत नाही, चष्म्याचे दुकानदार करतात.

दाखवायला कधी न्यायचं

मूल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतं, डोळे बारीक करून बघतं, फळ्यावरचं दिसत नाही म्हणतं, तर डोळे तपासा. नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षं उलटून 'आई पाणी' असे दोन शब्द जोडत नसेल तर कान आणि बोलणं दोन्ही तपासून घ्या. इथं लोक एक गफलत करतात. 'मोबाइलमुळेच झालं, मोबाइल बंद केला की बोलेल' म्हणून सहा महिने वाट बघतात. मोबाइल बंद कराच, पण तपासणी थांबवू नका. कारण ऐकू न येणं असेल तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

यासाठी नागपूरला धावायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तपासणी मोफत असते. पथक येऊन गेलं असेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगा, त्या पुढं पाठवण्याची वाट दाखवतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. जाताना लसीकरणाचं कार्ड घ्या, आणि मूल घरी कसं बोलतं, कसं खेळतं याचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ फोनमध्ये काढून न्या. दवाखान्यात लेकरं गप्प होतात, डॉक्टरांना त्या व्हिडिओवरून पुष्कळ कळतं.